मुदत टळलेले सॉफ्टवेअर आणि अजून न लिहिलेले पत्र

प्रश्न : आमची शिरोली एमआयडीसीत लोखंडी ओतकामाची लहान फाउंड्री आहे. वडिलांच्या पश्चात मी आणि माझा धाकटा भाऊ ती भागीदारीत चालवतो. हीट नंबरापासून (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेच्या क्रमांकापासून) डिस्पॅचपर्यंतचा माग, रिजेक्शनच्या नोंदी, जॉबवर्कची चलने आणि बिलिंग एका ठिकाणी यावे म्हणून जून २०२४ मध्ये पुण्याच्या एका कंपनीला खास आमच्यासाठी सॉफ्टवेअर तयार करण्याची १८ लाख रुपयांची वर्क ऑर्डर दिली. काम ३१ जानेवारी २०२५ पर्यंत पूर्ण व्हायचे होते. तीन हप्त्यांत ११ लाख रुपये आणि त्यावरचा जीएसटी दिला आहे. त्यातला शेवटचा हप्ता जून २०२५ मध्ये दिला. डेमो बरेच झाले, पण शॉप फ्लोअरवर वापरता येईल असे काहीच आले नाही. व्हॉट्सॲपवर विचारले की "पुढच्या आठवड्यात" असे उत्तर येते. मधल्या काळात आम्ही ई-वे बिल आणि आम्हा दोघांसाठी मोबाईल ॲप या दोन गोष्टी वाढवायला सांगितल्या, आणि पॅटर्नची (साचा घडवण्याच्या नमुन्यांची) यादी आमच्याकडून दोन महिने उशिरा गेली, हे खरे आहे. आता कंपनी म्हणते की ८० टक्के काम झाले आहे, उरलेल्यासाठी आणखी ४ लाख आगाऊ द्या, नाहीतर काम थांबवू. वर्क ऑर्डरमध्ये लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचाकडून सोडवण्याचे, कलम आहे. लवाद त्यांच्या संचालकांनी नेमायचा आणि लवादाचे स्थान पुणे राहील, असे त्यात लिहिले आहे. काका म्हणतात, फसवणुकीची पोलिस तक्रार कर. भाऊ म्हणतो, आजच करार रद्द करून पैसे परत मागू. इथला ओळखीचा एक प्रोग्रामर काम पूर्ण करून द्यायला तयार आहे. काय करावे? — एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात जे चार मार्ग आले आहेत, त्या चारही मार्गांना आजच्या घडीला माझे उत्तर नकाराचे आहे. करार रद्द केल्याचे आज कळवू नये, पोलिसांत जाऊ नये, चार लाख देऊ नयेत आणि ओळखीच्या प्रोग्रामरकडे अजून काम सोपवू नये. यांपैकी करार संपवणे आणि काम दुसऱ्याकडून करून घेणे या दोन गोष्टी आपल्याला पुढे कराव्या लागतील, असे मला दिसते. परंतु त्या कायद्याने टिकाव्यात यासाठी त्यांच्याआधी एक पत्र जायला हवे होते आणि ते आजवर गेलेले नाही. खास बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे जे वाद माझ्यासमोर येतात, त्यांत काम मागणारा पक्ष बहुधा अशाच जागी अडकलेला असतो: मनात तक्रार पुरेपूर आहे, पण कागदावर ती एकदाही नीट उमटलेली नाही.

३१ जानेवारी २०२५ ही तारीख वर्क ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलेली असल्यामुळे ती टळताच आपण मोकळ्या झालात, असे आपल्या भावाला वाटणे स्वाभाविक आहे. कायदा मात्र आधी एक प्रश्न विचारतो: ठरल्या वेळेत काम होणे हा या कराराचा गाभा होता का? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ नुसार तो गाभा असेल, तर वेळ टळताच करार रद्द करण्याचा हक्क मिळतो. नसेल, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, पण केवळ तेवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. आणि गाभा होता की नव्हता, हे एकट्या तारखेवरून ठरत नाही. मुदतवाढीची किंवा उशिराबद्दल दंडाची तरतूद करारात असेल, तर मुदत थोडी पुढेमागे होणार हे उभय पक्षांनी गृहीत धरले होते, असा अर्थ न्यायालये काढतात. आणि मुदत संपल्यावर पक्षकार कसे वागले, हेही पाहतात. आपण मुदतीनंतर डेमो पाहिले, कामाची विचारणा करत राहिलात, आणि जून २०२५ मध्ये तर हप्ताही दिलात. कंपनीचा वकील पहिल्याच सुनावणीत ती बँकेची नोंद पुढे ठेवील आणि म्हणेल की मुदत यांनी स्वतःच सोडून दिली होती.

या बाबतीत आपल्या राज्यातलेच एक प्रकरण वाचण्यासारखे आहे. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडण्यासाठी जलसेतू बांधण्याचे कंत्राट होते. ठेकेदाराकडून काम वेळेत झाले नाही आणि सरकारने कंत्राट रद्द केले. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७९ मध्ये निकाल ठेकेदाराच्या बाजूने लागला. करारात मुदतवाढीची आणि दंडाची कलमे असल्यामुळे वेळ हा त्या कराराचा गाभा नव्हता. अशा वेळी नवी वाजवी मुदत ठरवून देऊन, त्या मुदतीत काम पूर्ण करण्यास कळवल्याशिवाय कंत्राट रद्द करणे चुकीचे ठरते, असे न्यायालयाने म्हटले. तेथे बांधकाम होते आणि आपल्याकडे सॉफ्टवेअर आहे, पण करार अधिनियम दोघांना सारखाच लागू आहे. आपण आज भावाच्या म्हणण्याप्रमाणे करार रद्द केलात, तर करार मोडला तो कंपनीने नव्हे, आपणच, असा दावा उलटा आपल्यावर येऊ शकतो.

म्हणून पहिले काम म्हणजे ढिली पडलेली मुदत पुन्हा लेखी पक्की करणे. पत्रात सुरुवातीला मूळ तारीख नोंदवावी, ती टळल्याचे लिहावे, आणि त्यानंतर आपण काम स्वीकारण्याची तयारी ठेवली ती सवलत म्हणून होती, भरपाईचा हक्क सोडून देण्यासाठी नव्हे, असे स्पष्ट म्हणावे. मग एक नवी, अखेरची तारीख द्यावी आणि यापुढे हीच तारीख कराराचा गाभा राहील, असे त्याच वाक्यात सांगावे. ही तारीख खरोखर वाजवी असली पाहिजे. ८० टक्के काम झाल्याचे ते स्वतःच सांगत आहेत, तेव्हा उरलेल्या कामाला ४५ दिवस अपुरे आहेत असे म्हणणे त्यांना अवघड जाईल. आठ दिवसांची मुदत दिलीत, तर मात्र ती केवळ देखाव्यासाठी होती असे म्हणायला त्यांना वाव मिळेल. ४५ दिवसांचा आणखी एक उपयोग आहे, तो प्रोग्रामरच्या संदर्भात खाली येईल.

"सॉफ्टवेअर पूर्ण करून द्या" एवढे म्हणून पत्र संपवू नये. वर्क ऑर्डरला जोडलेली गरजांची यादी समोर घेऊन प्रत्येक बाब लिहावी: हीट नंबर टाकल्यावर त्या हीटमधली सर्व कास्टिंग्ज दिसली पाहिजेत, जॉबवर्कला गेलेल्या मालाचे चलन निघून परत आलेल्या मालाशी ते जुळले पाहिजे, रिजेक्शनचे कारण नोंदवता आले पाहिजे, अशा पद्धतीने. प्रत्येक बाबीपुढे आजची स्थिती लिहावी: आले, आले पण चालत नाही, किंवा आलेच नाही. ८० टक्के या आकड्याला अशा यादीशिवाय काही अर्थ नाही. साच्यात ८० टक्के धातू भरला म्हणून त्या कास्टिंगचे ८० टक्के पैसे कोणी देत नाही, हे आपल्याला सांगायला नको. सॉफ्टवेअरचेही, त्यातला एखादा भाग स्वतंत्रपणे वापरता येत नसेल तर, तसेच आहे.

आता आपल्या बाजूच्या उणिवांकडे येतो. त्या आपण पत्रात प्रामाणिकपणे लिहिल्यात, याचे मला समाधान वाटले, कारण त्या लपवल्या तर नंतर फार महाग पडतात. करार अधिनियमाचे कलम ६७ सांगते की ज्याच्यासाठी काम व्हायचे त्यानेच कामाला लागणाऱ्या वाजवी सोयी पुरवल्या नाहीत, तर त्यामुळे जे काम राहिले त्याचा दोष काम करणाऱ्याकडे जात नाही. पॅटर्नची यादी दोन महिने उशिरा गेली, त्यामुळे ते दोन महिने हिशेबातून वजा करावेत, आणि ते आपण स्वतःच पत्रात करावेत: यादीमुळे झालेला विलंब धरला तरी काम मार्च २०२५ अखेर यायला हवे होते. समोरच्याने दोष दाखवण्याआधी आपण त्याचे माप सांगितले, की त्याला तो फुगवता येत नाही.

वाढीव मागण्यांचेही तसेच. ई-वे बिल आणि मोबाईल ॲप केव्हा मागितले, कोणत्या संदेशाने मागितले, त्यावर कंपनीने वेळ किंवा पैसे वाढतील असे तेव्हाच कळवले होते का, हे शोधून काढावे. तेव्हा त्यांनी "करू" एवढेच म्हटले असेल, तर आज त्या दोन गोष्टींवर साऱ्या विलंबाचे खापर फोडणे त्यांना सोपे जाणार नाही. माझे मत विचाराल, तर पत्रात या दोन मागण्या सध्या बाजूला ठेवत असल्याचे कळवावे. मूळ काम आणि वाढीव काम यांची गुंतागुंत हीच अशा कंपन्यांची मुख्य ढाल असते. ती गाठ आपणच सोडवून दिली, की प्रश्न फक्त मूळ १८ लाखांच्या कामाचा उरतो.

४ लाखांच्या मागणीचे उत्तर याच पत्रात द्यावे, वेगळे नको. आधी मात्र हप्त्यांचे वेळापत्रक तपासावे. ठरलेल्या टप्प्यानुसार आपल्याकडून एखादा हप्ता खरोखर देय असून थकला असेल, तर चित्र बदलते आणि तो आधी चुकता करावा. तसे नसेल, तर करारात नसलेली रक्कम आधी दिल्याशिवाय काम करणार नाही, असे म्हणणे हा करार पाळण्यास नकार देण्याचा प्रकार ठरू शकतो, आणि कलम ३९ अन्वये तसा नकार मिळाल्यास समोरच्या पक्षाला करार संपवता येतो. इंग्लंडमध्ये २०१० साली डी बीअर्स विरुद्ध अ‍ॅटॉस ओरिजिन या प्रकरणात जवळपास हाच प्रसंग होता. हिऱ्यांच्या व्यवहारासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने कामाचा आवाका कमी धरला होता. पुढे तिने वाढीव अटी मान्य केल्याशिवाय काम चालू ठेवणार नाही अशी भूमिका घेतली, आणि न्यायालयाने करार तिनेच मोडला असे ठरवले. ग्राहकाने एक बिल थकवले होते, तरी निकाल तसाच लागला. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क लवादापुढे मांडण्याजोगा आहे. त्यासाठी "४ लाख द्या, नाहीतर थांबवू" हे त्यांचे म्हणणे लेखी असायला हवे. ते फोनवर झाले असेल, तर आपल्या पत्रात तारखेसह नोंदवावे आणि चुकीचे असल्यास सात दिवसांत कळवा, असे लिहावे.

काकांच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणूक सिद्ध होण्यासाठी करार करतानाच बेइमानीचा हेतू असावा लागतो. नंतर काम न जमणे किंवा न करणे ही फसवणूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात २००० साली सांगितले आणि नंतरही वारंवार सांगितले आहे. या सॉफ्टवेअर कंपनीने माणसे लावली, डेमो दाखवले. अशी तक्रार टिकण्याची शक्यता कमी, आणि ती दाखल झाली की तडजोडीचे दार मात्र बंद होते. ग्राहक आयोगाचीही वाट येथे नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी उद्देशाने घेतलेली सेवा वगळलेली आहे. व्यवसायाच्या कामकाजासाठी सॉफ्टवेअर घेणारी कंपनी ग्राहक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पॉली मेडिक्युअर विरुद्ध ब्रिलिओ टेक्नॉलॉजीज या प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटले आहे.

ओळखीच्या प्रोग्रामरचा विषय अधिक नाजूक आहे. काम दुसऱ्याकडून करून घेऊन त्याचा खर्च पहिल्या कंपनीकडून वसूल करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये (करारातले काम प्रत्यक्ष पूर्ण करून घेण्याविषयीच्या कायद्यात) २०१८ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे कलम २० मध्ये ही तरतूद आली. तिची अट अशी की आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन, ठरावीक वेळेत काम करा असे कळवले पाहिजे. ती वेळ टळली किंवा नकार आला, तरच दुसऱ्याकडे जाता येते. वर सुचवलेल्या ४५ दिवसांचा दुसरा उपयोग हाच आहे. त्याच पत्रात, काम न झाल्यास कलम २० नुसार ते अन्य व्यक्तीकडून पूर्ण करून घेऊ आणि खर्च कंपनीकडून वसूल करू, हे वाक्य घालावे. नोटिशीआधीच प्रोग्रामरला काम दिलेत, तर ही वसुली हातची जाईल. शिवाय खर्च प्रत्यक्ष करून काम पूर्ण झाल्यावरच तो मागता येतो, नुसत्या कोटेशनवर नाही.

पण तो प्रोग्रामर काम पूर्ण करणार कशाच्या आधारावर? सोर्स कोड कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि तो कोणाचा, हे आपल्याला वाटते तितके सरळ नाही. पैसे आपण दिले म्हणून कोड आपला होत नाही. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचे स्थान आहे. नोकराने नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला हक्कदार त्याला नोकरी देणारा असतो, पण बाहेरच्या कंपनीने करारावर बनवून दिलेल्या कोडचा हक्क, लेखी हस्तांतर नसेल तर, सामान्यतः तिच्याकडेच राहतो. वर्क ऑर्डरमध्ये "सोर्स कोडसह सर्व हक्क ग्राहकाचे" अशा अर्थाचे काही आहे का, ते बारकाईने पाहावे. असेल, तर पत्रात आजवरच्या कोडची प्रत आणि डेटाबेसची रचना मागावी, आणि कोड नष्ट होण्याची भीती असल्यास लवाद कायद्याच्या कलम ९ खाली तो जतन करण्याचा अंतरिम आदेश न्यायालयाकडून मिळवता येतो. हक्काचे कलम नसेल, तर नव्या माणसाने जुना कोड न घेता आपल्या गरजांच्या यादीवरून स्वतंत्रपणे काम करणेच सुरक्षित. गरजांची यादी, आपले हीट नंबर, आपला डेटा हे आपले आहे.

येथे एक इशारा आवर्जून देतो, कारण सदिच्छेने मदत करणारी माणसे हे करून बसतात. चाचणीसाठी मिळालेला जुना पासवर्ड वापरून त्यांच्या सर्व्हरवरून कोड उतरवून घेऊ नका आणि प्रोग्रामरलाही करू देऊ नका. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरून माहिती काढणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येते. बाजू आपली असताना आरोपी आपण होऊ नये.

समजा, ४५ व्या दिवशी कंपनीने काहीतरी आणून दिले, तर? हा प्रसंग पुष्कळदा येतो आणि तेथेच लोक गाफील राहतात. करार अधिनियमाच्या कलम ५५ मध्येच असे आहे की उशिरा आलेले काम आपण स्वीकारले आणि स्वीकारताना भरपाई मागणार असल्याचे कळवले नाही, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. म्हणून स्वीकारायचे झाले, तरी हक्क राखून स्वीकारत आहोत, असे त्याच दिवशी लिहावे. दुसरी बाब लघुउद्योगांच्या कायद्यातली आहे. कंपनीकडे उद्यम नोंदणी असेल आणि ती सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण लेखी हरकत घेतली नाही, तर ती सेवा स्वीकारली असे मानले जाते. त्यानंतर ती कंपनी थकीत रकमेसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) जाऊ शकते, आणि तेथे व्याज बँक दराच्या तिप्पट व चक्रवाढ असते. आपला उलट दावा तेथेही मांडता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही पहिल्या १५ दिवसांतली लेखी हरकत हीच खरी राखण आहे. "चालत नाही" असे मोघम न लिहिता कोणत्या स्क्रीनवर, कोणती नोंद करताना, काय घडले, हे चित्रफितीसह कळवावे.

पैशांबद्दल आपल्या अपेक्षा वास्तवाला धरून असाव्यात, असे मला वाटते. करार रीतसर संपला, तर दिलेले ११ लाख मागता येतील. कंपनी त्यावर केलेल्या कामाचे मोल वजा करायला सांगेल, आणि ते काम आपल्याला वापरता येते की नाही यावर त्या वजावटीचे भवितव्य ठरेल. याखेरीज करार अधिनियमाच्या कलम ७३ नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे नुकसान मिळते: दुसऱ्याकडून काम करून घेताना १८ लाखांहून जास्त झालेला खर्च, जुनी व्यवस्था चालू ठेवण्यासाठी वाढलेला खर्च, त्यासाठी ठेवलेल्या माणसाचा पगार. प्रत्येक रकमेला बिल हवे. सॉफ्टवेअर असते तर अमुक ग्राहक मिळाला असता, अशा दाव्यांतून फारसे हाती लागत नाही. उशिराच्या दंडाचे कलम असेल, तरी ती रक्कम आपोआप मिळत नाही. कलम ७४ ती कमाल मर्यादा मानते आणि त्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. उलट, कंपनीची जबाबदारी मिळालेल्या रकमेपुरतीच राहील, असे बारीक अक्षरातले कलम अशा करारांत हमखास असते, ते शोधावे. जीएसटीच्या इनपुट क्रेडिटसाठी (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीसाठी) सेवा प्रत्यक्ष मिळालेली असणे ही अट आहे, तेव्हा आपण घेतलेल्या क्रेडिटबद्दल सीएंशी आत्ताच बोलावे.

वाद लवादाकडे जाईल, पण लवाद त्यांच्या संचालकांनी नेमायचा ही अट मान्य करण्याचे कारण नाही. वादात ज्याचे हितसंबंध आहेत अशा व्यक्तीला एकट्याने एकल लवाद नेमता येत नाही, हे पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ मध्ये ठरले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अशा एकतर्फी नेमणुकीची कलमे समानतेच्या तत्त्वाला धरून नाहीत, असे सांगितले. लवादाचे कलम त्यामुळे रद्द होत नाही, फक्त नेमणुकीची पद्धत गळते. आपण दोन-तीन निःपक्षपाती नावे सुचवावीत. ३० दिवसांत एकमत न झाल्यास लवाद कायद्याच्या कलम ११ खाली उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, ही आपल्या भागासाठी मोठीच सोय आहे, परंतु लवादाचे स्थान पुणे ठरलेले असल्याने हा अर्ज कोल्हापुरात चालेल असे गृहीत धरू नये. ज्या वाचकांच्या करारात लवादाचे कलमच नाही, त्यांचा ३ लाखांवरचा असा वाद वाणिज्यिक न्यायालयात जातो, आणि तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो, हे पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ मध्ये ठरले.

पुराव्याचे काम आजच सुरू करावे, पत्र जाण्याची वाट पाहू नये. आपला व्यवहार बहुतेक व्हॉट्सॲपवर झाला आहे, तेव्हा तो फोन बदलू नये, दुरुस्तीला देऊ नये, आणि सगळा संवाद निर्यात करून दोन ठिकाणी ठेवावा. इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात आणताना प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर प्रकरणात, निःसंदिग्ध केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक आपल्या सहीचा आणि दुसरा तज्ज्ञाच्या. लवादापुढे पुराव्याचा कायदा इतका काटेकोर लागत नाही, पण तयारी तेवढीच ठेवावी. चाचणीसाठी दिलेले सॉफ्टवेअर आज कोणत्या अवस्थेत आहे, याचा अहवाल एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकाकडून किंवा स्वतंत्र तज्ज्ञाकडून करून घ्यावा. ओळखीच्या प्रोग्रामरचा अहवाल नको. पुढचे काम त्यालाच मिळणार असल्याने त्याच्या शब्दाला वजन राहणार नाही.

दावा लावण्याच्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षे आहेत, आणि ती मूळ तारखेपासून मोजून ३१ जानेवारी २०२८ च्या आत कार्यवाही सुरू करावी. नवी तारीख दिली म्हणून काळ पुढे सरकला, असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नये. बोलणी चालू असल्याने मुदत थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितले आहे. लवादाची कार्यवाही सुरू होते ती लवाद कायद्याच्या कलम २१ ची, वाद लवादाकडे सोपवण्याची नोटीस समोरच्याला मिळाल्याच्या दिवशी.

माझा अंदाज असा की हे पत्र मिळाल्यावर कंपनी बोलणीला येईल. आली, तर आपण ऐकावे. अर्धवट कोड, त्याची कागदपत्रे आणि काही रकमेचा परतावा अशी तडजोड वर्षानुवर्षांच्या लवादापेक्षा फाउंड्रीच्या अधिक उपयोगी पडू शकते. मात्र कोडच्या हक्काचे हस्तांतर लेखी आणि त्यांच्या सहीचे असावे, आणि ते कायमचे आहे असे त्यात लिहावे. कालावधी लिहिला नाही, तर स्वामित्वहक्क कायद्याचे कलम १९ तो पाच वर्षांचाच धरते. परताव्याचे हप्ते तारखांसह ठरवून धनादेश घ्यावेत. एखाद्या हप्त्याला उशीर झाल्यास उरलेली सर्व रक्कम एकदम देय होईल, हे वाक्यही घालावे.

शेवटी, पत्र पाठवण्याआधी आपली भागीदारी संस्था निबंधकांकडे नोंदलेली आहे का आणि वडिलांच्या पश्चात झालेला भागीदारांचा बदल तेथे नोंदवला आहे का, ते पाहावे. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला, किंवा नोंदवहीत ज्यांची नावे नाहीत अशा भागीदारांना, संस्थेच्या करारावरून बाहेरच्यावर दिवाणी दावा लावता येत नाही. लवादाला ही अडचण लागू नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय असला, तरी नोंदणी राहिली असेल तर ती आताच उरकून घ्यावी. पत्र वर्क ऑर्डर ज्या नावाने आहे त्याच नावाने, संस्थेच्या लेटरहेडवर, भागीदार म्हणून सही करून जावे, आणि ते स्पीड पोस्टाने पोचपावतीसह तसेच करारात दिलेल्या ईमेलवर, असे दोन्हीकडे एकाच दिवशी पाठवावे.